हजर कोण आहे?

'रिप्रेझेंटेशन', म्हणजे प्रतिनिधित्व, या शब्दाचं मूळ रोमन लोकांच्या व्यवहारात पैशांच्या बाजूला सापडतं. 'रेप्रेझेंतातिओ' म्हणजे रोख चुकती. द्यायचं ते आत्ता, हातावर. वायदा नाही, उधारी नाही. लॅटिनमधला 'प्रेझेन्स' म्हणजे समोर असलेला, हजर. त्याला आधी 'रे' लागला आणि अर्थ झाला हजर करणं, डोळ्यांपुढे आणून ठेवणं. मग ती रक्कम असो, नाहीतर वक्त्याने शब्दांनी उभा केलेला एखादा प्रसंग. एका माणसाने दुसऱ्याच्या वतीने बोलावं, मत द्यावं, सही करावी, हा आज आपल्याला सर्वांत आधी आठवणारा अर्थ त्या शब्दाला तेव्हा नव्हताच.

राज्यशास्त्र शिकवताना 'रिप्रेझेंटेशन' हा धडा दर वर्षी येतो आणि पाठ्यपुस्तकात तो थेट निवडणुकीपासून सुरू होतो. मला तो रोख पैशांपासून सुरू करायला आवडतो, कारण मग मुलांच्या मनात पहिला प्रश्न 'कोण निवडून आलं' असा न येता 'कोण हजर झालं' असा येतो. दोन्ही प्रश्न एकच आहेत असं आपण सवयीने धरून चालतो.

मधला प्रवास मोठा आहे. मध्ययुगात चर्चने हा शब्द उचलला. पोप आणि कार्डिनल यांच्या रूपाने ख्रिस्त आणि त्याचे शिष्य आपल्यात आहेत, असं सांगण्यासाठी. इथे कुणी कुणाचा वकील नाही, फक्त रूप आहे. पुढे कायदेपंडितांनी तो नगरांसाठी आणि संस्थांसाठी वापरला, कारण नगराला स्वतःचं तोंड नसतं. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला चौदाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तेव्हाही त्याचा अर्थ समोर आणणं, दाखवणं, सोंग वठवणं असाच होता. पार्लमेंटशी त्याची गाठ घट्ट बसली ती सतराव्या शतकात, राजा आणि पार्लमेंट यांच्यात तलवारी निघाल्या तेव्हा. हॅना पिटकिन या अभ्यासक बाईंनी १९६७ मध्ये या एका संकल्पनेवर अख्खं पुस्तक लिहिलं. ग्रीक लोक अधिकारी निवडत होते, दूत पाठवत होते, पण या कल्पनेसाठी त्यांच्याकडे शब्दच नव्हता, हे त्या दाखवून देतात. लोकशाहीचं माहेर म्हणून ज्यांचं नाव घेतो, ते स्वतःच सभेत जात होते. ज्यांना सभेत येऊ देत नव्हते, त्या बायका आणि गुलाम, त्यांच्या वतीने कुणी बोलावं हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जने १६५१ मध्ये रंगभूमीचा आधार घेतला. 'पर्सोना' म्हणजे नटाचा मुखवटा. प्रतिनिधी हा नट, आणि ज्याचे शब्द तो बोलतो तो लेखक. ऐकायला छान वाटतं. पण हॉब्जचा पुढचा टप्पा मला भीतिदायक वाटतो. एकदा अधिकार दिला की नटाचं प्रत्येक वाक्य लेखकाच्या नावावर, आणि मग तक्रार करायची सोय उरत नाही. स्वतःच्या कृत्याची तक्रार कोण कुणाकडे करणार? निवडून आलेल्या माणसाला काही विचारलं की 'लोकांनी मला निवडून दिलंय' हे उत्तर येतं, त्याच्या मुळाशी हा हॉब्ज आहे.

मराठीने या शब्दाला एका जागी ठेवलं नाही, घरोघर वाटून टाकलं. सभागृहात तो प्रतिनिधित्व. चित्रात, कादंबरीत, मालिकेत तो चित्रण. सरकारी कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा पडला तर तो जे लिहून देतो ते अभिवेदन, आणि तुम्ही-आम्ही जिल्हाधिकाऱ्यांना देतो ते निवेदन. दवाखान्याच्या बाकावर काळी बॅग मांडीवर घेऊन बसलेला तरुण म्हणजे एमआर, मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, आणि वर्गातला सीआर म्हणजे क्लास रिप्रेझेंटेटिव्ह. माझ्या वर्गात पहिल्यांदा हे सगळं फळ्यावर लिहिलं की मुलं चकित होतात, एकाच मुळाच्या इतक्या फांद्या बघून. मला त्यातलं अभिवेदन फार महत्त्वाचं वाटतं. इंग्रज अमलात कुणी साहेबापुढे 'रिप्रेझेंटेशन' करायचा, तेव्हा तो दुसऱ्या कुणाला पाठवत नव्हता. आपली हकिगत तो स्वतः साहेबाच्या टेबलावर हजर करत होता. निवडणुका नव्हत्या तेव्हाही हे प्रतिनिधित्व होतंच.

आपल्याकडचा 'प्रतिनिधी' मात्र सभेतून आलेला नाही, यज्ञातून आलेला आहे. सोमवल्ली मिळाली नाही तर पूतीक घ्यावं, भात मिळाला नाही तर नीवार घ्यावा, ही जी बदली वस्तू, ती प्रतिनिधी. यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात याची रीतसर चर्चा आहे. काय काय बदलता येतं, आणि काय बदलता येत नाही. घरातल्या पूजेत आपण रोज तेच करतो. सुपारीचा गणपती. कापसाची वस्त्रमाळ. दागिना नसेल तर 'अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि' म्हणून चार तांदूळ. लहानपणी मला वाटायचं की ही गरिबीची सोय आहे. आता वाटतं, केवढा मोठा विचार आहे हा. हातात दागिना नाही हे कबूल करून, त्याचं नाव घेऊन, त्याची जागा मोकळी ठेवून मग तांदूळ वाहायचे. तांदूळ कधीही 'मीच दागिना' असं म्हणत नाहीत.

आणि मीमांसकांनी बदलीला मर्यादाही घातली. देवतेला प्रतिनिधी नाही. अग्नीला नाही, मंत्राला नाही. आणि यजमानाला नाही. यज्ञाचं फळ ज्याला मिळायचं, संकल्प ज्याचा, त्याच्या जागी दुसरा माणूस बसवून यज्ञ होत नाही. ऋत्विज, म्हणजे पुरोहित, हवे तेवढे लावा, मंत्र ते म्हणतील, आहुत्या ते टाकतील, पण यजमान तो यजमान. लोकशाहीबद्दल मी जे काही वाचलं आहे, त्यात याहून नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही. संविधानाचा पहिला शब्द 'आम्ही' आहे. संकल्प तिथे सोडलेला आहे.

भरताची गोष्ट आपल्याला भावाच्या प्रेमाची म्हणून सांगितली जाते. मला ती कारभाराचीही वाटते. त्याने पादुका सिंहासनावर ठेवल्या, स्वतः नंदिग्रामात राहिला, आणि राज्याचं जे काही येई ते आधी पादुकांपुढे मांडून मग कामाला लागला. चौदा वर्षं ती खुर्ची कुणाची आहे हे रोज सगळ्यांना दिसत होतं. आषाढी वारीत पालखीतून ज्ञानोबांच्या, तुकोबांच्या पादुका पंढरीला निघतात तेव्हाही हेच घडतं. माउली निघाली असं आपण म्हणतो, पादुका निघाल्या असं म्हणत नाही. राजाराम महाराजांनी जिंजीत असताना प्रतिनिधी हे पद निर्माण केलं आणि ते पहिल्यांदा प्रल्हाद निराजींना दिलं. छत्रपती महाराष्ट्रापासून दूर, आणि राज्य चालू ठेवायचं होतं. पुढे हे पद वंशपरंपरेने चाललं. प्रतिनिधीचं वतन झालं की काय होतं, त्याची ती सुरुवात होती.

मी कोपरखैरण्याला राहते आणि शिकवायला ट्रान्स-हार्बरने ठाण्याला जाते. दोन्ही शहरं माझी आहेत. गेल्या काही वर्षांत या दोन्ही शहरांत जे झालं, त्याची पुरेशी चर्चा झालीच नाही असं मला फार वाटतं. नवी मुंबई महापालिकेत २०१५ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली. ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. आधी कोविड, मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले. निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे ठाणं जवळजवळ चार वर्षं आणि नवी मुंबई साडेपाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती होती. रस्ते झाडले जात होते, पाणी येत होतं, बिलं येत होती. शहर बंद पडलं नाही, आणि त्यामुळेच बहुतेकांना काही गेलंय असं वाटलं नाही.

पण गेलं होतं. अंदाजपत्रक मांडलं जायचं आणि मंजूर व्हायचं, मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. कुणी उठून 'आमच्या घणसोलीचं काय' असं विचारणारं नव्हतं. सर्वसाधारण सभेत गोंधळ होतो, नगरसेवक एकमेकांवर धावून जातात, ते बघून आपण नाकं मुरडतो. पण त्या गोंधळाचं इतिवृत्त लिहिलं जातं. प्रश्न विचारला गेला होता, अमुक तारखेला, अमुक प्रभागाच्या माणसाने, याचा कागद राहतो. त्या वर्षांचा तसा कागदच नाही. २०२० मध्ये अठरा पूर्ण केलेली मुलं आपल्या शहरासाठी पहिलं मत द्यायला गेली तेव्हा तेविशी ओलांडून गेली होती. माझ्या वर्गात नगरसेवक म्हणजे कोण हे शिकवताना मी ज्या मुलांकडे बघत होते, त्यांना कळायला लागल्यावर नगरसेवक दिसलाच नव्हता.

माजी नगरसेवक मात्र दिसत होते, आणि याची नोंद करायलाच हवी. पाटी तीच, तिच्यावर 'माजी' लागलेलं. ऑफिस उघडं. दाखला, झाडाची फांदी, गटाराचं झाकण, शाळेतला प्रवेश, लोक त्यांच्याकडेच जात होते. त्यांच्यातल्या अनेकांनी मनापासून कामं केली. तरी त्यात जे बदललं ते साधं नव्हतं. हक्काची गोष्ट मेहरबानीची झाली. नगरसेवकाकडे गेलेला माणूस आपलंच काम सांगत असतो. माजी नगरसेवकाकडे गेलेला विनंती करत असतो, आणि उपकार लक्षात ठेवून परत येतो.

या भागाला हा अनुभव नवा नाही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर आखलं गेलं. शहराचा आराखडा हेही एक रिप्रेझेंटेशन असतं. भूमी कागदावर हजर केली जाते. त्या कागदावर सेक्टर होते, रस्ते होते, रेल्वे होती. गावठाणं संपादनातून वगळली होती, भोवतीची भातशेती आणि मिठागरं घेतली होती. कागदावर हे दयाळू दिसतं, की घराला हात लावला नाही. प्रत्यक्षात गाव वाढायची जागा गेली, पोट भरायची जागा गेली, आणि पुढच्या पिढीने घरावर मजला चढवला की तो अनधिकृत. माझ्या सेक्टरच्या पलीकडे कोपरखैरणे गाव आहे. दोन्हींच्या मध्ये फक्त एक रस्ता आहे, आणि तो ओलांडताना आजही एका नकाशातून दुसऱ्या नकाशात गेल्यासारखं होतं.

त्या ९५ गावांना हजर केलं ते दि. बा. पाटलांनी. जासईचे, शेतकरी कामगार पक्षाचे, पनवेलचे आमदार, खासदार. जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर परिसरात आंदोलकांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. जमीन घेतल्यावर मोबदला देऊन विषय संपत नाही, ज्याची जमीन गेली तो त्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या शहराचा वाटेकरी असतो, हे तत्त्व या मातीत रुजलं ते तिथून. नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचं नाव द्यावं म्हणून जून २०२१ मध्ये बेलापूरला सिडकोवर हजारो माणसं चालून आली, तेव्हा काही सुशिक्षित शेजारी म्हणाले, नावात काय आहे. ज्यांची नावं त्यांच्याच शेतावरच्या सेक्टरांना मिळाली नाहीत, आकडे मिळाले, त्यांना विचारून बघावं.

ब्रिटिश पार्लमेंटचे सदस्य एडमंड बर्क यांनी ३ नोव्हेंबर १७७४ रोजी आपल्या ब्रिस्टलच्या मतदारांना सांगितलं होतं की प्रतिनिधी तुम्हाला फक्त कष्ट देणं लागत नाही, स्वतःचा विवेकही देणं लागतो, आणि तुमच्या मतापुढे तो विवेक त्याने टाकून दिला तर ती तुमची सेवा नव्हे. राज्यशास्त्रात हे वाक्य घासून घासून गुळगुळीत झालं आहे. प्रतिनिधी हा निरोप्या की विश्वस्त, यावर मुलं पानंच्या पानं लिहितात. ब्रिस्टलने १७८० मध्ये बर्कला पुन्हा पार्लमेंटमध्ये पाठवलं नाही, हे त्यातली थोडीच लिहितात. मला मात्र उरण-पनवेलचा विचार करताना हे दोन्ही रकाने तोकडे वाटतात. दिबा निरोप घेऊन गेले नव्हते आणि लोकांपेक्षा आपल्याला जास्त कळतं म्हणूनही गेले नव्हते. त्यांचं घर त्या ९५ गावांतलंच होतं. हरले असते तर त्यांचंही गेलं असतं.

हे असं 'आतलं' असणं गरजेचं का आहे, ते बाबासाहेबांनी २७ जानेवारी १९१९ रोजी मताधिकार ठरवण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीपुढे सांगितलं होतं. वय सत्तावीस, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक. तोवर प्रतिनिधित्व म्हणजे मतांचं प्रतिनिधित्व अशी समजूत होती: तुमचं मत कुणीतरी सभागृहात मांडलं की झालं. बाबासाहेबांनी त्यात माणसाचं प्रतिनिधित्व ही गोष्ट घातली. ज्या समाजात एक जात दुसऱ्या जातीशी जेवत नाही, बोलत नाही, तिथे एकाचा अनुभव दुसऱ्याच्या तोंडून येऊच शकत नाही. नुसतं मतदार असून भागणार नाही, कायदे करणारं झालं पाहिजे, नाहीतर कायदे करू शकणारे हे फक्त मतदार असलेल्यांचे मालक होतील. प्रतिनिधित्वाचा हक्क आणि सरकारी पद धारण करण्याचा हक्क यांना ते नागरिकत्वाचे सर्वांत महत्त्वाचे दोन हक्क म्हणाले. एका वर्षाने, ३१ जानेवारी १९२० रोजी, त्यांनी पाक्षिक काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मूकनायक'. शिरोभागी तुकोबांचा अभंग होता: 'नव्हे जगीं कोणी मुकियांचा जाण'. मुक्याचं कुणी जाणत नाही. साउथबरो समितीपुढचं सगळं निवेदन त्या एका ओळीत आहे.

माझ्या वर्गात आगरी-कोळी मुलं-मुली बऱ्याच आहेत. चित्रण आणि प्रतिनिधित्व यांचा संबंध मी त्यांच्याकडून शिकले. एक मुलगी म्हणाली, मालिकेत आमची भाषा बोलणारं पात्र आलं की मी आधीच ओळखते, हे हसवायला आणलंय. दुसऱ्याने सांगितलं की मुलाखतीला जाताना तो मनात दोन-तीनदा वाक्य बदलतो. पडद्यावर ज्याला कायम विनोदाचं पात्र म्हणून हजर केलं, त्याचं म्हणणं सभागृहात गांभीर्याने कोण ऐकेल? म्हणूनच चित्रण आणि प्रतिनिधित्व हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवणं मी सोडून दिलं.

बायकांच्या बाबतीतही असंच. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून शहरांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. त्यावर लगेच ऐकू येतं की सगळा कारभार नवराच बघतो. अनेक ठिकाणी बघतो, हे खरं आहे. फोन तोच उचलतो, बैठकीला शेजारची खुर्ची त्याची असते. पण मी एका नगरसेविकेला बदलताना पाहिलं आहे. आधी ती नवऱ्याकडे बघून मान हलवायची. मग सभेतल्या कागदांवर तिने स्वतः पेन्सिलने खुणा करायला सुरुवात केली. मग एकदा महिलांच्या शौचालयाच्या प्रश्नावर नवरा काहीतरी बोलू लागला आणि तिने त्याला हाताने थांबवून स्वतः सांगितलं, कारण तिथे काय हवंय ते त्याला माहीतच नव्हतं. राखीव जागेचं काम हळू होतं, म्हणून ते होतच नाही असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते आणि घालत राहीन.

आता पुन्हा सभागृह आहे. नवी मुंबईत १११ जागा, आणि आधी एका वॉर्डाला एक नगरसेवक असायचा तिथे आता बहुतेक चार-चारांचे प्रभाग. एका मतदाराने चार मतं द्यायची. निवडणुकीनंतर आमच्या इमारतीत पहिला प्रश्न हाच निघाला की चौघांतला आपला कोण. दोन मांडवांचा वऱ्हाडी उपाशी राहतो, इथे तर चार मांडव. गटाराचं काम रखडलं तर चौघांपैकी कुणाला धरायचं? प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं तर? ठाणेकरांना या पद्धतीची सवय आहे. तिथले माझे सहकारी म्हणतात, जो फोन उचलतो तो आपला.

मला हे उत्तर पुरत नाही. महापालिका कायद्यात २००९ पासून क्षेत्र सभेची तरतूद आहे. ग्रामसभेसारखी, मतदारांची सभा. काही मतदान केंद्रांपुरता छोटा भाग, त्यातले सगळे मतदार तिचे सदस्य, आणि नगरसेवकाने तिथे येऊन बसायचं. यजमानांनी स्वतः बसायची ही जागा, आणि बहुतेक लोकांनी तिचं नावही ऐकलेलं नाही. आमच्या सेक्टरमधली काही माणसं आणि रस्त्यापलीकडच्या गावातली काही मिळून आम्ही एक निवेदन लिहितो आहोत. चारही नगरसेवकांच्या नावाने, एकच मागणी: आमच्या भागाची क्षेत्र सभा बोलवा, चौघांनी या, आणि इतिवृत्त ठेवा. गावातल्या मंडळींचं म्हणणं आहे की सभा देवळाच्या सभामंडपात व्हावी, सेक्टरवाल्यांना समाजमंदिर हवंय. पहिली सभा गावात घ्यायची, असं मी सुचवलं आहे.